छत्री म्हणजे थडगं का?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाची आलीय, सातवीतली. ऑक्टोबरचं ऊन जरा निवलं म्हणून संध्याकाळी तिला छत्रीबागेत नेलं. फाटकातच म्हणाली, "मामा, इथे छत्र्या विकतात?" आम्ही इंदूरकर पावसाची ती 'छाता' म्हणून मोकळे होतो, त्यामुळे हा घोळ कधी जाणवलाच नव्हता. म्हटलं, होळकरांच्या छत्र्या गं. "म्हणजे थडगी?" इथे मी अडलो. थडगं नव्हे हे नक्की, पण मग काय? समाधी म्हणावं का?

प्रतिसाद (ग्वाल्हेर):
थडगं मुळीच नाही. थडग्याखाली पुरलेला देह लागतो. मल्हारराव १७६६ मध्ये आलमपूरला वारले, तिथे त्यांची छत्री आहे आणि तुमच्या छत्रीबागेतही आहे. एका माणसाची थडगी दोन कशी असतील? छत्री ही आठवणीची वास्तू. दहनाच्या जागी असते, नसतेही. खांबांवर घुमट, म्हणजे राजावर जिवंतपणी धरत ते छत्रच दगडात. 'छत्रपती'तलं छत्र तेच.

'समाधी' जवळचा शब्द, पण त्याचं मूळ ध्यानात. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली म्हणतो. मल्हाररावांनी घेतली असं कोणी म्हणेल का? रायगडावर 'समाधी' म्हणतात तो आदर झाला, आणि तो रुळलाय, त्याला हात लावू नये. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तर 'छत्री बाजार' आहे. तिथे भाव करताना कोणाला मरण आठवत नाही!

बाकी भाचीबाईंना सांगा, महादजी शिंदे १७९४ मध्ये वानवडीला वारले. तिथली 'शिंदे छत्री' भाचीबाईंच्याच पुण्यात आहे.

मूळ प्रश्नकर्ता:
दोन छत्र्यांचा मुद्दा पटला. हे थडगं नव्हे हे आमच्या रखवालदारालाही बहुधा ठाऊक असावं, कारण त्याने चपला बाहेर काढायला लावल्या, देवळात लावतात तशा. थडग्याचा धसका घेतलेली भाची त्यावर जरा सैलावली.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या उद्या. तिथे 'छत्रियाँ' म्हणायचं नाही, 'छत्र्या' म्हणायचं, असा दम मलाच मिळालाय. माझं इंदुरी मराठी तिला फार खटकतं.

आणि वानवडीचं आत्ताच विचारलं. म्हणाली, "शिंदे छत्री? अरे, ते तर स्टॉपचं नाव आहे."