गुडघा टेकणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं? (परवाच्या लेखाला उत्तर)

अनिरुद्ध_ओकलंड (धागाकर्ता)

'दिगंत' यांनी परवा लिहिलं की एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या कॉलिन कॅपर्निकने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला तो खाल्ल्या घरचे वासे मोजण्याचा प्रकार होता. लाखो डॉलर कमावणाऱ्याला कसला आलाय अन्याय, आणि निषेध करायचाच तर मैदानाबाहेर करावा. शेवटी हेही, की 'आपण भारतीय इथे कुणापुढे हात न पसरता वर आलो, त्यांनाही जमायला हवं.' खाली +१ ची रांग लागली. दोन ओळींच्या प्रतिसादाने माझं समाधान होईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी गुडघ्याचं बघू. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या त्याच्या संघाच्या सराव सामन्यांत तो राष्ट्रगीताला बाकावर बसून राहिला. आधी कुणाचं लक्षही गेलं नाही. ग्रीन बेविरुद्धच्या सामन्यानंतर पत्रकाराने विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं, की जो देश कृष्णवर्णीयांवर जुलूम करतो त्याच्या झेंड्याचा अभिमान दाखवायला मी उभा राहणार नाही. मग नेट बोयर या माजी सैनिकाने त्याला जाहीर पत्र लिहिलं. बोयर ग्रीन बेरे, म्हणजे सैन्याच्या खास तुकडीतला माणूस. दोघे सॅन डिएगोत भेटले. बसून राहू नकोस, गुडघा टेक, आम्ही शहीद साथीदाराच्या थडग्यापुढे तसाच टेकतो, असं बोयरने सुचवलं. १ सप्टेंबरला कॅपर्निकने गुडघा टेकला, शेजारी एरिक रीड होता. ज्याला तुम्ही सैनिकांचा अपमान म्हणता ती एका सैनिकाने सुचवलेली तडजोड आहे.

आता 'मैदानाबाहेर करा'. महमूद अब्दुल-रौफने १९९६ मध्ये नेमकं तेच केलं. डेन्व्हर नगेट्सचा हा बास्केटबॉलपटू राष्ट्रगीत संपेपर्यंत कधी ड्रेसिंग रूममध्ये थांबायचा, कधी बाजूला स्नायू ताणत राहायचा. कित्येक महिने कुणाला पत्ता नव्हता. बातमी फुटताच एनबीए या बास्केटबॉल लीगने निलंबित केलं. त्याआधी १९९१ मध्ये शिकागो बुल्सच्या क्रेग हॉजेसने व्हाइट हाउसच्या समारंभात अध्यक्षांसाठी पत्र दिलं. घोषणा नाही, झेंडा नाही, कागदावर लिहिलेलं पत्र. ओळीने तीन वर्षं थ्री-पॉइंट स्पर्धा जिंकलेल्या त्या माणसाला १९९२ मध्ये बुल्सने सोडलं, आणि मग एनबीएच्या एकाही संघाने घेतलं नाही.

आणि जुलै २०१६, कॅपर्निकच्याही आधी. मिनेसोटा लिंक्स या महिला बास्केटबॉल संघाच्या मुलींनी सरावाच्या वेळी टी-शर्ट घातले. त्यावर पोलिसांच्या गोळीने मेलेल्या फिलँडो कॅस्टील आणि अल्टन स्टर्लिंगची नावं होती, आणि त्याच टी-शर्टवर डॅलस पोलिसांचं बोधचिन्हही होतं, कारण त्याच आठवड्यात तिथे पाच पोलीस मारले गेले होते. दोन्हीकडच्या मेलेल्यांची आठवण ठेवली, तरी बंदोबस्तावरचे पोलीस निघून गेले.

मग दिगंत, कुठल्या दिवशी, कुठल्या जागी, कुठल्या पद्धतीने केलेला निषेध तुम्हाला चालला असता? एक उदाहरण द्या.

दिगंत

धागाच काढलात! बरं, मीही सविस्तर लिहितो.

तुम्ही सोयीचं तेवढंच सांगितलंत. त्याच ऑगस्टमध्ये तो सरावाला पोलिसांची टोपी घातलेल्या डुकरांचे मोजे घालून आला होता. फिडेल कॅस्ट्रोचं चित्र असलेला टी-शर्टही त्याच महिन्यात. क्यूबातून जीव मुठीत धरून पळालेल्या मायामीतल्या लोकांना काय वाटलं असेल? आणि त्या नोव्हेंबरात हा मत द्यायलाही गेला नाही. बोयरने सुचवलं हे खरं, पण बोयर स्वतः उभाच राहिला ना?

आणि नोकरी गेली म्हणून रडणाऱ्यांनी आकडे बघावेत. २०१६ मध्ये त्याने सुरुवात केलेल्या ११ सामन्यांपैकी संघ १० हरला. बाकी सगळं बाजूला ठेवा, १-१० वाल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून संघ चालवणाऱ्याला, कोण पैसे मोजतं?

माझ्या शेजारच्या घरातला मुलगा इराकहून परत आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. त्याची आई राष्ट्रगीताला रडते. तिच्यासमोर गुडघा टेकून दाखवा.

खेळिया_सॅनहोजे

१-१० हा आकडा सगळे फेकतात. त्याच मोसमात त्याने १६ टचडाउन पास (गुण मिळवून देणारे) दिले आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले पास) फक्त ४. संघ २-१४ होता, बचावफळी चाळणी झाली होती. त्याच्याहून वाईट आकड्यांच्या किती क्वार्टरबॅकना २०१७ मध्ये नोकऱ्या मिळाल्या ते बघा. हाच माणूस २०१३ च्या सुपर बोलमध्ये बाल्टिमोरविरुद्ध जिंकता जिंकता राहिला होता, ३४-३१. बॅकअप म्हणूनसुद्धा ३२ पैकी एका संघाला नको? शेवटी संघांनी संगनमत केल्याच्या तक्रारीवर फेब्रुवारी २०१९ मध्ये लीगने तडजोड केली. काही केलंच नव्हतं तर तडजोड कशाची?

दिगंत

तडजोड म्हणजे कबुली नव्हे, वकिलाला विचारा. आणि त्याच वर्षी लीगने अटलांटात त्याच्यासाठी चाचणी ठेवली, तर याने कागदपत्रांवरून वाद घालून ऐन वेळी जागाच बदलली. ज्याला खरंच खेळायचंय तो असं करतो?

सुभेदार_सातारा

मी निवृत्त सैनिक. अमेरिकेतलं फार कळत नाही, मुलगा तिकडे असतो म्हणून हे वाचतो. राष्ट्रगीत लागलं की माझे पाय आपोआप जुळतात, त्यात विचार करावा लागत नाही. आम्ही साथीदार खांद्यावरून आणलेत. ते गीत त्यांचं आहे. ज्याला सरकारशी भांडायचंय त्याने सरकारशी भांडावं, गीताशी नाही. एवढंच सांगायचं होतं.

अनिरुद्ध_ओकलंड

सुभेदारसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे आणि तुमच्या पायांबद्दल माझा काही वाद नाही. पिट्सबर्गच्या फुटबॉल संघातला विलानुएव्हा अफगाणिस्तानात लढून आला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी संघ आत थांबला तेव्हा तो बोगद्याच्या तोंडाशी एकटा उभा राहिला. त्यालाही कुणी अडवू नये. पण इथल्या स्टेडियममधला देखावा बराचसा विकत घेतलेला होता हेही कळू द्या. २०१५ मध्ये मॅकेन आणि फ्लेक या सिनेटरांनी अहवाल काढला, की सैनिकांच्या सत्काराचे कार्यक्रम ठेवायला संरक्षण खातं संघांना पैसे मोजत होतं. मॅकेन म्हणजे व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेला माणूस. दुसऱ्या वर्षी एनएफएलने सात लाखांहून अधिक डॉलर परत केले. पैसे घेऊन केलेलं वंदन चालतं आणि स्वतःच्या पोटावर पाय देऊन टेकलेला गुडघा चालत नाही, याचा मला राग आहे.

डुकरांच्या मोज्यांचं समर्थन मी करणार नाही. तो मूर्खपणा होता. लिहून घ्या.

वैदेही_न्यूजर्सी

मला 'लाखो डॉलर कमावणाऱ्याला अन्याय कसला' यावर बोलायचंय, कारण हे माझ्या कामाच्या जवळचं आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या चाचण्या घेणं हा माझा व्यवसाय.

डोक्याला मार बसून मेंदू कामातून गेलेल्या माजी खेळाडूंना भरपाई द्यायचं एनएफएलने मान्य केलं. भरपाईसाठी सिद्ध करायचं असतं की बुद्धी पूर्वीपेक्षा घसरली. त्या हिशेबात कृष्णवर्णीय खेळाडूची मूळची पातळीच कमी धरायची सोय होती. म्हणजे दोन खेळाडूंना चाचणीत सारखेच गुण पडले, तर गोऱ्याची घसरण ठरणार आणि काळ्याला सांगणार की तुझं आधीपासून एवढंच होतं. नाजेह डेव्हनपोर्ट आणि केव्हिन हेन्री २०२० मध्ये कोर्टात गेले, तेव्हा हे चव्हाट्यावर आलं. २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडायचं कबूल केलं. ज्या लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत तिथली ही गोष्ट. हे सगळे तुमचे 'श्रीमंत' खेळाडूच होते हो. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दिगंत

वैदेहीताई, हे मला माहीत नव्हतं. चुकीचंच आहे ते. पण त्याचा झेंड्याशी काय संबंध? ज्यांनी हे केलं त्या लीगविरुद्ध कोर्टात गेले, न्याय मिळाला. मी तेच म्हणतोय, कोर्टात जा.

मिलिंद_कोलंबस

सगळे झेंड्यावरच अडकलेत. मला दिगंत यांचं शेवटचं वाक्य टोचलंय. 'आपण हात न पसरता वर आलो.'

कुणी आपण? १९२३ मध्ये भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होता तो. कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस, तुला नागरिकत्व नाही. आधी मिळालेल्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. १९४६ नंतरसुद्धा भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा. दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्या पाठोपाठ तो आला, त्याच लाटेत. ती लाट कुणी आणली? मतदानाच्या हक्कासाठी सेल्मात डोकी फोडून घेतली कुणी? आपल्या काकांनी नाही.

हेमंत_ह्यूस्टन

हे जरा अतीच होतंय. १९६५ चा कायदा करणाऱ्यांना वाटत होतं की युरोपातल्यांचे नातेवाईक येतील, आशियातून एवढे लोक येतील हे त्यांच्या गावीही नव्हतं. शीतयुद्धात जगासमोर तोंड दाखवायचं होतं, इंजिनियर-डॉक्टर हवे होते. मी आलो तो एच-वन-बीवर, तो कायदा १९९० चा. मला इथे कुणी फुकट काही दिलं नाही. पहिल्या हिवाळ्यात बूट घ्यायला पैसे नव्हते. माझ्या घामाचं श्रेय मी दुसऱ्यांना का देऊ?

मिलिंद_कोलंबस

तुमचा घाम कुणी नाकारत नाही. पण ज्याला आतच घेतलं नसतं त्याने घाम कुठे गाळला असता?

कायदा करणाऱ्यांचा हेतू वेगळा होता, ठीक आहे, मान्य. पण वंशावरून कोटा ठेवणं ही लाजेची गोष्ट आहे हे अमेरिकेला त्या वर्षांत कुणी शिकवलं ते सांगा. माझ्या घरात हे नातं जुनं आहे. बाबासाहेब कोलंबियात शिकले, १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर काढली, ते नावही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. माझे वडील वरळीतल्या त्यांच्या सभांना जायचे. त्यामुळे 'त्यांनाही जमायला हवं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, फक्त तेव्हा 'ते' म्हणजे आम्ही होतो.

हेमंत_ह्यूस्टन

प्रत्येक धाग्यात जात आणलीच पाहिजे का?

मिलिंद_कोलंबस

मी माझ्या वडिलांविषयी लिहिलं. तुम्ही बुटांविषयी लिहिलंत तेव्हा मी काही बोललो नव्हतो.

मृणाल_अटलांटा

हेमंत, घाम गाळला म्हणून पोलीस आपल्याला वेगळं वागवतील या भ्रमात राहू नका. फेब्रुवारी २०१५, मॅडिसन, अलाबामा. सुरेशभाई पटेल गुजरातेतून नातवाला सांभाळायला आले होते. सकाळी मुलाच्या घराजवळ फिरत होते, तर शेजारच्या कुणीतरी फोन केला की एक काळा माणूस फिरतोय. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, अर्धांगासारखी अवस्था झाली. व्हिडिओ आहे. दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरींचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. दिगंत, तुमचं 'कोर्टात जा' ते हे.

त्या वर्षी माझे बाबा इथे होते. रोज सकाळी फिरायला जायची सवय. मी त्यांच्या खिशात पत्ता आणि 'मला इंग्रजी कमी येतं' अशी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी घालून ठेवायचे. पुण्यात शाळेचे मुख्याध्यापक होते ते. ती चिठ्ठी घेताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा ते तुम्हाला कळणार नाही.

हेमंत_ह्यूस्टन

पटेलांचं प्रकरण भयंकर होतं, कोण नाही म्हणतंय. माझीही आई येते इथे. पण एका पोलिसावरून अख्खा देश वाईट ठरवू नका.

दिगंत

एवढं सगळं झालं, आता माझं ऐका. आकड्यांत बघितलं तर पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांत गोरे जास्त आहेत. यावर कुणी बोलत नाही.

वैदेही_न्यूजर्सी

कारण गोऱ्यांची लोकसंख्या कितीतरी पट आहे. प्रमाण काढलं तर कृष्णवर्णीय दुपटीहून अधिक. हे तुम्हाला समजत नाही असं मी मानत नाही.

क्रिकेटवेडा_ठाणे

अवांतर: २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात दुबईला पाकिस्तानविरुद्ध आपल्या संघानेही गुडघा टेकला होता. दोनच दिवसांनी दक्षिण आफ्रिकेचा डी कॉक टेकायला नको म्हणून सामन्यातून बाहेर बसला, आणि नंतर परत येऊन टेकलाही. सक्तीने टेकवलेल्या गुडघ्याला अर्थ नाही असं माझं मत. कॅपर्निकचं वेगळं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अनिरुद्ध_ओकलंड

क्रिकेटवेडा यांच्याशी सहमत. सक्तीचं उभं राहणंही त्यातच आलं. २०१८ मध्ये एनएफएलने नियम केला की मैदानावर असाल तर उभं राहायलाच हवं, नाहीतर आत थांबा, नाहीतर संघाला दंड. दोन वर्षांनी मिनियापोलिसला एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून धरला, तेव्हा लीगचे कमिशनर गुडेल व्हिडिओत म्हणाले की खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही आमची चूक झाली. त्यात कॅपर्निकचं नावसुद्धा घेतलं नाही. त्याला परतही घेतलं नाही.

दिगंत, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. कुठला निषेध चालला असता?

दिगंत

लिंक्सच्या टी-शर्टचा. तो मला चालला असता, त्यात दोन्ही बाजू होत्या. पोलीस निघून गेले ते चुकलं. झालं समाधान?

कॅपर्निकबद्दल माझं मत तेच आहे. त्याला संघाने घ्यायला हवं होतं की नाही हा खेळाचा प्रश्न, गुडघा टेकायला नको होता हा माझा. भरपाईच्या त्या प्रकाराबद्दल मात्र आणखी वाचेन.

खेळिया_सॅनहोजे

खेळाचाच प्रश्न असेल तर १६ टचडाउन आणि ४ इंटरसेप्शन याचं उत्तर द्या. माझा प्रतिसाद सगळ्यांनी ओलांडून टाकलाय.