युद्धपूर्व हॉर्नबी डब्लोचे सदर्न इंजिन ऑनलाइन लिलावात घ्यावे का?

वाफाळ, लेस्टर

नमस्कार. इंग्लंडमधील एका लिलावगृहाच्या येत्या ऑनलाइन विक्रीत हॉर्नबी डब्लो या खेळण्यातील रेल्वेचे 0-6-2 टँक इंजिन (आकडे चाकांच्या मांडणीचे; टँक म्हणजे पाणी इंजिनावरच वाहणारे) आले आहे. रंग ब्रिटनमधील सदर्न रेल्वेचा हिरवा, क्रमांक 2594, सोबत मूळ म्हणवला जाणारा खोका, आणि वर्णनात ‘युद्धपूर्व (म्हणजे दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे), उत्तम स्थिती’ एवढेच लिहिले आहे. छायाचित्रे तीन असून तिन्ही एकाच बाजूची आहेत. माझ्याकडे डब्लोची तीन रुळांवर चालणारी साधी गाडी आहे, परंतु दुर्मिळ वस्तूवर मोठी रक्कम लावण्याची ही पहिलीच वेळ. बोलीपूर्वी काय विचारावे, आणि 400 पौंडांपर्यंत बोली लावल्यास प्रत्यक्षात किती द्यावे लागतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सिग्नलमन, पुणे

प्रथम ‘युद्धपूर्व’ याचा पुरावा मागावा. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने डब्लो 1938 मध्ये आणले, युद्धामुळे उत्पादन थांबले आणि युद्धानंतर हेच इंजिन पुन्हा बाजारात आले. त्यामुळे रंग व क्रमांक एवढ्यावरून काळ ठरत नाही. डबे जोडण्याचा आकडा पाहावा. युद्धापूर्वीचा आकडा चपट्या पोलादी पट्टीचा असे, नंतरचा पेको या ब्रिटिश कंपनीच्या धर्तीचा आहे. अर्थात आकडा बदलताही येतो, म्हणून तो एकटा पुरेसा नाही.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. 1953 पासून हे इंजिन ब्रिटिश रेल्वेजच्या काळ्या रंगात विपुल निघाले, आणि मूळ सदर्न इंजिने थोडी व मागणी मोठी असल्याने अशा स्वस्त इंजिनांना हिरवा रंग देऊन ती सदर्न म्हणून विकण्याचे प्रकार होत आले आहेत. चिमणीच्या बुडाशी, कानाकोपऱ्यांत आणि जिथे रंग खरचटला आहे तिथे जवळून काढलेली छायाचित्रे मागवावीत. पुन्हा रंगवलेल्या इंजिनात तिथे खालचा थर डोकावतो किंवा रंग जाड साचलेला दिसतो. खोक्यावर भिस्त ठेवू नये, कारण नव्याने छापलेले खोके उघडपणे विकत मिळतात. आपण इंग्लंडमध्येच आहात, तेव्हा शक्य असल्यास विक्रीपूर्वी वस्तू पाहण्यासाठी ठेवलेल्या दिवशी स्वतः जावे. पुण्यातून बोली लावणाऱ्या आमच्यासारख्यांना ती चैन परवडत नाही.

हिशेबनीस, लंडन

हातोडा 400 ला पडला तर ती शेवटची रक्कम नव्हे. लिलावगृहाचा खरेदीदार अधिभार, म्हणजे बोलीच्या वर खरेदीदाराने द्यायचे शुल्क, 25 टक्के धरला, तर त्यावरील 20 टक्के व्हॅटसह 120 पौंड होतात. बोली दुसऱ्या संकेतस्थळामार्फत लावल्यास त्याचे शुल्क 5 टक्के धरून व्हॅटसह आणखी 24. म्हणजे 544 पौंड, आणि टपालखर्च वेगळा. खिशातून एकूण 400 च जावेत असे वाटत असेल तर बोली 290 च्या आत थांबवावी. टक्केवारी प्रत्येक लिलावगृहाची निराळी असते, म्हणून अटी आधी वाचाव्यात. लिलावगृहाकडे थेट लेखी बोली नोंदवता येत असेल तर संकेतस्थळाचे शुल्क बहुधा वाचते, आणि ऐन वेळी चढाओढीत वाहवत जाण्याचा धोकाही टळतो.

कायद्याची एक बाजूही लक्षात असू द्यावी. दूरस्थ खरेदी 14 दिवसांत रद्द करण्याचा ग्राहकाचा हक्क, प्रत्यक्ष हजर राहता येते अशा सार्वजनिक लिलावाला ब्रिटनमध्ये लागू होत नाही. ईबेसारख्या ठिकाणी विक्रेता व्यापारी असेल तर तो लागू होतो. लिलावात वस्तू अशी परत करता येणार नाही, म्हणून आपल्या प्रश्नांची उत्तरे फोनवर न घेता ईमेलनेच मागवावीत, म्हणजे लेखी पुरावा राहील.

ओतकाम, नाशिक

वरील दोन्ही मते मान्य आहेत, परंतु माझा पहिला प्रश्न धातूचा असेल. त्या काळचे ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत, आणि त्यात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर धातू वर्षानुवर्षे आतून फुगतो, त्याला केसासारखे तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. दमट हवेत हे लवकर घडते. यावर उपाय नाही. रंग कितीही सुंदर असला तरी आतली झीज चालूच राहते. इंजिन उलटे ठेवून काढलेले छायाचित्र मागवावे, चाके बसवलेली खालची चौकट सरळ आहे का आणि चाके मोकळी फिरतात का, हे विचारावे. मोटरचे चुंबक दुबळे झाले असेल तर घाबरू नये, ते पुन्हा भारित करून मिळते. चौकटीला तडा असेल तर मात्र मी त्या इंजिनाला केवळ वरच्या कवचाची किंमत देईन, आणि तीही रंग मूळ असल्याची खात्री झाल्यावरच.