फोटोंसाठी सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

प्रेषक: स्मरणिका समिती

नमस्कार मंडळी,

यंदा कार्यक्रमांचे फोटो काढायचं आणि त्यातले स्मरणिकेसाठी निवडायचं काम माझ्याकडे आलं आहे. नवा मिररलेस कॅमेरा घेतलाय, पण फोटो अजून जुन्या लॅपटॉपवरच्या पिकासामध्येच बघते. पिकासा केव्हाच बंद झालंय हे माहीत आहे. चालत होतं म्हणून चालवलं. आता नव्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइली (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा, प्रक्रिया न केलेला फोटो) ते उघडत नाही, म्हणजे हलायलाच हवं.

मला फार काही नको. शेकडो फोटोंतून बरे तेवढे निवडायचे, वाकडे सरळ करायचे, उजेड आणि रंग ठीक करायचे, छापायला द्यायचे. क्वचित फोटोवर मराठीत नाव टाकायचं. फोटोशॉप, लाइटरूम, जिंप, डार्कटेबल ही नावं ऐकून आहे. नेटवर शोधलं तर जो तो आपलीच 'सर्वोत्तम दहा' यादी देतो, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. तुम्ही काय वापरता?

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश समिती

जिंप. फुकट आहे, चांगलं आहे. विषय संपला.

---

प्रेषक: फोटोवाले काका

संपला कसा, आत्ता कुठे सुरू झाला!

ताई, जिंप चांगलं आहे यात वाद नाही. १९९६पासून लोक ते वापरतायत, आणि २०२५ साली आलेल्या ३.० आवृत्तीत लावलेला फिल्टर मागाहूनही बदलता येऊ लागला, ही फार दिवसांची रड होती ती मिटली. पण तुमचं काम जिंपचं नव्हे. जिंप, फोटोशॉप, ॲफिनिटी ही एकाच फोटोवर ठाण मांडून बसायची सॉफ्टवेअरं. मागची लोंबणारी वायर पुसायची, दोन फोटो जोडून एक करायचा, पोस्टर बनवायचं, त्यासाठी. रॉ फाइल तर जिंप स्वतः उघडतही नाही, डार्कटेबल नाहीतर रॉथेरपी या रॉवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवतं.

तुमच्यापुढे एका संध्याकाळचे चारशे फोटो येणार. त्याला लाइटरूम, डार्कटेबल, कॅप्चर वन या जातीचं काहीतरी लागतं. भराभर तारे देत चाळायचे, एका फोटोवर उजेड-रंग बसवायचा आणि त्याच दिव्यांखालच्या बाकी पन्नास फोटोंना तोच एका दमात लावायचा.

आता मुद्द्याचं. या जातीची सॉफ्टवेअरं मूळ फाइलला हात लावत नाहीत. तुम्ही उजेड वाढवलात की 'उजेड इतका वाढव' अशी सूचना कुठेतरी लिहून ठेवली जाते आणि फोटो दाखवताना ती मूळ फाइलवर चालवली जाते. लोक कुणात किती सोयी आहेत ते मोजत बसतात. मी आधी एवढंच बघतो, की ही सूचना लिहिली जाते कुठे, आणि उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तर माझ्या हातात काय उरतं.

तुमचं पिकासाच घ्या. फोटोंच्या फोल्डरात लपवलेल्या फाइली दिसतील असं करा. 'डॉट पिकासा डॉट आयएनआय' नावाची एक चिमुकली फाइल सापडेल. नोटपॅडमध्ये उघडलीत तर एकेका फोटोच्या नावाखाली क्रॉप कुठे केला, रंग किती बदलला, चेहरा कुठे आहे, असलं सगळं ओळीओळीने लिहिलेलं दिसेल. पिकासात जे बदल 'सेव्ह' केलेले नाहीत ते फक्त तिथे आहेत. फोटोची नुसती फाइल उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेलीत तर समोर येईल तो मूळ, वाकडा, काळपट फोटो. तेव्हा जुना लॅपटॉप मोडीत काढायच्या आत ज्या फोटोंवर मेहनत घेतली आहे ते सगळे पिकासातूनच सेव्ह करून घ्या. सेव्ह केल्यावर मूळ प्रत 'पिकासाओरिजिनल्स' या लपलेल्या फोल्डरात जाते. कॉपी करताना तो फोल्डर मागे राहू देऊ नका. फोटोखाली लिहिलेल्या ओळी जेपेगच्या आतच जातात, त्यांची चिंता नको.

गूगलने पिकासा २०१६त बंद केलं. ॲपलच्या ॲपर्चर या फोटो-सॉफ्टवेअरची तीच गत: २००५ला आलं, २०१४त पुढचं काम थांबवल्याचं जाहीर झालं, २०१९च्या कॅटालिना या मॅकओएसच्या आवृत्तीपासून तर ते सुरूच होत नाही. लाइटरूमची एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी शेवटची आवृत्ती सहावी, २०१५ची. कुणी तिची जुनी डीव्हीडी प्रेमाने देऊ केली तर तितक्याच प्रेमाने नको म्हणा, तुमच्या नव्या कॅमेऱ्याच्या रॉ तिला उघडता येणार नाहीत.

डार्कटेबल सूचना स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं आणि शिवाय प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइलही ठेवतं. लाइटरूम क्लासिक सगळं एका कॅटलॉगात ठेवतं. फोटोशेजारी एक्सएमपी लिहायची सोय त्यातही आहे, पण ती आपण सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. पहिल्याच दिवशी करा. एक्सएमपीतले तारे, ओळी, कीवर्ड हे बाकीची सॉफ्टवेअरं वाचतात. उजेड-रंगाच्या सूचना मात्र ज्याच्या त्याला कळतात. म्हणून स्मरणिकेत जाणाऱ्या फोटोंची १६ बिटची टिफ प्रत (उजेड-रंगाचे बदल पक्के बसवलेली, कुठेही उघडणारी फाइल) वेगळी काढून ठेवायची, म्हणजे पुढे कुठलंही दुकान बंद झालं तरी बिघडत नाही.

रॉबद्दल थोडं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. उन्हातल्या फोटोला फरक जाणवणार नाही. आपल्या स्टेजवरच्या जांभळ्या एलईडी दिव्यांत चांगलाच जाणवेल. तसला फोटो उघडलात की हिस्टोग्रामकडे, म्हणजे कुठला रंग डावीकडे अंधारात आणि कुठला उजवीकडे उजेडात आहे ते दाखवणाऱ्या आलेखाकडे बघा: निळा रंग उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला, हिरवा डावीकडे कोपऱ्यात. चेहऱ्याचा रंग त्या फोटोत नोंदलेलाच नसतो, व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा. मी अशा वेळी फोटो कृष्णधवल करतो आणि निळ्याचा वाटा काढून हिरव्यावर भर देतो. दाणे दिसतात थोडे, पण डोळे-नाक-ओठ परत येतात.

सॉफ्टवेअर उतरवण्याआधी तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल त्याच्या यादीत आहे ना ते बघा. नसलं तर ॲडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर रॉचं डीएनजी (ॲडोबीचा सगळ्यांसाठी खुला रॉ प्रकार) करून देतो, ते बहुतेक ठिकाणी चालतं. आणि कॅमेरा कंपनीचं स्वतःचं फुकट सॉफ्टवेअर असतंच: कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ. दिसायला रुक्ष, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसले तसेच रंग हवे असतील तर त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही.

माझं मत डार्कटेबलला.

---

प्रेषक: वेबसाइट समिती

काका, सगळं पटलं, शेवटची ओळ सोडून. डार्कटेबल नवख्या माणसाच्या नजरेने उघडून बघा जरा. फिल्मिक, सिग्मॉइड, कलर कॅलिब्रेशन असली मॉड्यूलांची नावं. साधा उजेड वाढवायचा तर चार मॉड्यूलं समोर, आणि कुठलं आधी ते शोधायला तासाभराचे व्हिडिओ. ताईंना स्मरणिका काढायची आहे, परीक्षेला बसायचं नाहीये.

मी लाइटरूमची वर्गणी भरते आणि मला त्याचं काही वाटत नाही. एका बटणावर माणूस वेगळा निवडला जातो, दुसऱ्यावर मागचं आकाश. २०२३मध्ये आलेल्या, दाणे काढणाऱ्या डीनॉइजने अंधाऱ्या हॉलमधले फोटो छापण्याजोगे होतात. (ग्राफिक्स कार्ड बरं नसेल तर एकेका फोटोला बराच वेळ लागतो, हे खरं.) आणि वर्गणी थांबवली की सगळं जातं असं नाही. क्लासिकमध्ये फोटो दिसत राहतात, एक्सपोर्टही होतात. डेव्हलप (उजेड-रंग बदलायचा) आणि मॅप (फोटो नकाशावर दाखवायचा) हे दोन भाग तेवढे बंद होतात.

---

प्रेषक: फोटोवाले काका

डेव्हलप 'तेवढं' बंद होतं म्हणे! अहो, तेच तर सॉफ्टवेअर.

पण डार्कटेबल शिकायला जड आहे, मान्य. ताई, असं करा. त्या जांभळ्या दिव्यांतले आणि बाहेर उजेडातले मिळून वीसएक फोटो घ्या. लाइटरूमची चाचणी आवृत्ती आणि डार्कटेबल, दोन्हींत तेच फोटो करा. पहिल्या संध्याकाळी लाइटरूम जिंकणार, ते मोजू नका. आठवड्यानंतर ज्याच्यात हात आपोआप चालायला लागेल ते ठेवा. एक्सएमपी मात्र दोन्हीकडे चालू हवं, त्यात सूट नाही.

---

प्रेषक: स्मरणिका समिती

काका, ती आयएनआय फाइल सापडली! गेल्या सगळ्या स्मरणिकांचे फोटो तसेच, सेव्ह न केलेले. आज रात्री तेच काम.

आणि मराठी नावं टाकायचं राहिलं. मागे एका पोस्टरवर सगळ्या पहिल्या वेलांट्या अक्षराच्या पलीकडे जाऊन बसल्या होत्या आणि जोडाक्षरांचे पाय मोडले होते. ते कशाने होतं?

---

प्रेषक: वेबसाइट समिती

फॉन्ट बदलून बघितला असशील, पण दोष बहुतेक वेळा फॉन्टचा नसतो. सॉफ्टवेअरला देवनागरीची अक्षरं जुळवता यावी लागतात. जुन्या आवृत्तीचं फोटोशॉप असेल तर प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवड, वेलांट्या जागेवर येतील. जिंपमध्ये काही करावं लागत नाही, नीट जुळवतं. इथे ध्वनी-प्रकाश समितीला एक गुण.

तरी माझं ऐकशील तर फोटोवर नाव लिहूच नकोस. फोटोच्या माहितीत ओळ भर आणि स्मरणिकेचं पान लावताना खाली टाईप कर. नाव चुकलं तर पानावर दुरुस्त होतं. फोटोत एकदा बसलं की पुन्हा सगळं आलं. आणि पानभर फोटो असेल तर ए४ला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, क्रॉप करताना तेवढे उरतायत ना ते बघत जा.

---

प्रेषक: ध्वनी-प्रकाश समिती

गुण मिळाला, आभारी आहे. जांभळ्या दिव्यांबद्दल मात्र कुणी आम्हाला विचारलं नाही. पुढच्या कार्यक्रमाला समोरून दोन पांढरे दिवे देतो, चेहरे दिसतील. मग सॉफ्टवेअर कुठलंही घ्या.

---

प्रेषक: स्मरणिका समिती

दिवे द्याच! लेखी कळवलंय हं तुम्ही, सगळ्यांनी वाचलंय.

दोन्ही सॉफ्टवेअरं उतरवली आहेत, काकांचा आठवडा आजपासून. ज्यांच्याकडे मागच्या कार्यक्रमाचे फोटो आहेत त्यांनी मूळ फाइली पाठवा. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून टाकलात तर तो लहान होऊन येतो आणि आतली माहितीही निघून जाते, म्हणून तिथून पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. या लिस्टवर कृपया जोडू नका, सगळ्यांच्या मेलपेट्या भरतील. सामायिक फोल्डरची लिंक उद्या पाठवते.