फाउंडेशनच्या विश्वात परग्रहवासी नाहीत, आणि त्याचं कारण द्यायलाच नको होतं

उल्काधर

आयझॅक असिमोव्हच्या 'फाउंडेशन' या विज्ञानकथा मालिकेचा विषय निघाला की एक तक्रार हमखास येते. माणसांनी वसवलेले अडीच कोटी ग्रह, एकट्या ट्रँटरवर, साम्राज्याच्या राजधानीच्या ग्रहावर, चार हजार कोटी लोक, आणि सबंध आकाशगंगेत दुसरा एकही बुद्धिमान जीव नाही? हे पटायचं कसं?

माझ्या मते ही उणीव नाहीच. सगळी मालिका याच भिंतीवर उभी आहे. घोळ झाला तो १९८२पासून पुढे, जेव्हा परग्रहवासी का नाहीत याची कारणं द्यायला सुरुवात झाली.

मूळ गोष्टी 'अस्टाउंडिंग' मासिकात १९४२ ते १९५० या काळात आल्या. गिबनने लिहिलेला रोमच्या ऱ्हासाचा इतिहास त्यांच्या मुळाशी आहे. आकाशगंगेचं साम्राज्य ढासळतंय, आणि सेल्डन हा गणिती सायकोहिस्टरी, म्हणजे मोठ्या समूहांचं भविष्य वर्तवणारं गणित, वापरून पुढचा अंधारकाळ आखूड करायची योजना आखतो. पहिल्याच गोष्टीतला लॉर्ड डॉर्विन आठवा. साम्राज्याचा इतका मोठा अधिकारी, आणि त्याचा छंद काय, तर माणसाचा मूळ ग्रह कोणता हे शोधणं. कसं शोधतो? जुन्या अभ्यासकांची पुस्तकं समोर ठेवून, कोणाचं मत वजनदार ते ठरवून. स्वतः जाऊन उत्खनन का करत नाही असं फाउंडेशनच्या ग्रहाचा महापौर सॅल्व्हर हार्डिन विचारतो, तर डॉर्विनला तो प्रश्नच कळत नाही. त्याच संभाषणात कळतं की एका ग्रहावर अणुवीज केंद्र उडालं, आणि त्यावर साम्राज्याचा विचार काय, तर नवे तंत्रज्ञ तयार करण्याऐवजी अणुशक्तीचा वापरच कमी करायचा. ऱ्हास म्हणजे काय ते त्या दोन पानांत लख्ख दिसतं. इथे बाहेरून एखादं परग्रही आरमार आणलं असतं तर डॉर्विन सुटला असता. साम्राज्य बुडालं ते शत्रूमुळे, असं म्हणायची सोय झाली असती.

सेल्डनची योजना उधळणारा, इतरांची मनं वळवू शकणारा म्यूलसुद्धा माणसांतूनच निघतो. बाहेरचं कोणी नाही म्हणूनच त्याचा धक्का बसतो.

आणि मग १९८२च्या 'फाउंडेशन्स एज'मध्ये डोम नावाचं पात्र एक आख्यायिका सांगतं: काळाबाहेर राहणाऱ्या कोणी 'शाश्वतांनी' असंख्य शक्यतांमधून नेमकं असं विश्व निवडलं, जिथे आकाशगंगेत फक्त माणूस आहे. म्हणजे इतकी वर्षं जे या जगाचं निव्वळ वास्तव होतं, ते कोणीतरी केलेली व्यवस्था ठरलं. माणसाचं कर्तृत्व तिथे लहान झालं.

मेघगणित

सहमत नाही. तुम्ही ज्याला भिंत म्हणताय ती लेखकाने वास्तुशास्त्र बघून बांधलेली नव्हती. 'अस्टाउंडिंग'चा संपादक जॉन कॅम्पबेल याला माणूस हा परग्रहवासीयांपेक्षा वरचढ दाखवलेला हवा असे. १९४०मध्ये 'होमो सोल' ही कथा छापून येताना असिमोव्हला ते जाणवलं. ज्यू कुटुंबातला तरुण, तिकडे युरोपात हिटलर वंशश्रेष्ठत्वाच्या नावाखाली काय करतोय हे दिसत असताना त्याला एक जात दुसरीपेक्षा जन्मतः श्रेष्ठ असं लिहायचं नव्हतं. संपादकाशी भांडायचंही नव्हतं. मग मार्ग एकच, गोष्टीत परग्रहवासीच ठेवायचे नाहीत. हे त्याने स्वतः पुढे लिहून ठेवलंय.

हा निर्णय मला मनापासून आदरणीय वाटतो. पण तो नैतिक निर्णय आहे, कथेच्या रचनेचा नाही. त्याला परग्रहवासी रंगवता येत नव्हते असंही नाही. १९७२च्या 'द गॉड्स देमसेल्व्हज'मधले तीन लिंगांचे जीव वाचा. समांतर विश्वातले जीव इतके जिवंत फार थोड्यांनी उभे केलेत. म्हणजे फाउंडेशनमध्ये आपल्याला काय मिळू शकलं असतं आणि का मिळालं नाही, याची हळहळ रास्त आहे.

उल्काधर

मेघगणित, कारण तुम्ही म्हणता तेच, मान्य. पण एखादी अडचण टाळताना लेखकाच्या हाती जे लागतं त्याचं मोल त्या अडचणीवरून ठरत नाही. सेल्डनचं गणित माणसांच्या प्रचंड समूहावर चालतं. समूह एकजिनसी असणं ही त्याची गरज. कॅम्पबेल नसता तरी सायकोहिस्टरीला दुसरी प्रजाती परवडली नसती.

अनुक्रमणिका

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे की या विश्वात परग्रहवासी नाहीत. आहेत!

'ब्लाइंड अ‍ॅली', १९४५. साम्राज्य, आकाशगंगेचा इतिहास, सगळं त्याच विश्वातलं. कथेच्या सुरुवातीलाच एका इतिहासकाराचा उतारा आहे, त्यानुसार आकाशगंगेच्या इतिहासात मानवेतर बुद्धिमान प्रजाती एकदाच सापडली. मरायला टेकलेली प्रजाती. साम्राज्य तिला चांगल्या ग्रहावर हलवतं, अन्न, निवारा, सगळं देतं. आणि त्या लोकांना मुलं होणं थांबतं. आकाशगंगा माणसांनी व्यापली आहे, आपल्याला वाढायला जागाच नाही, मग जन्म द्यायचा कशासाठी? असा त्यांचा हिशेब.

लूडन अँटिओक नावाचा प्रशासक त्यांना सोडवतो. बंड नाही, भाषण नाही, तर पत्रव्यवहार करून. या खात्याचा आदेश त्या खात्याच्या नियमाला भिडवत तो अशी परिस्थिती आणतो की जहाजं त्यांच्या हाती पडतात आणि ते मॅजेलनच्या मेघांकडे, म्हणजे शेजारच्या छोट्या दीर्घिकांकडे, निघून जातात. दप्तरी कामकाजाचा इतका करुणामय उपयोग मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आता १९५५ची 'द एंड ऑफ इटर्निटी' शेजारी ठेवा. तिथे 'शाश्वत' लोक इतिहासात फेरफार करून माणसाला इतकं सुरक्षित ठेवतात की ताऱ्यांकडे जायला त्याला फार उशीर होतो. पोचतो तेव्हा आकाशगंगा इतरांनी व्यापलेली असते. माणसं खचतात, जन्मदर घटत जातो, प्रजाती संपते. ही 'ब्लाइंड अ‍ॅली'चीच गोष्ट आहे, फक्त कोंडलेला कोण ते बदललंय! दहा वर्षांच्या अंतराने असिमोव्हने माणसाला त्या मानवेतरांच्या जागी बसवून पाहिलं.

आणि म्हणूनच १९८२ची आख्यायिका मला खटकते. उल्काधर म्हणतात त्या कारणाने नाही, तर ती जुन्या कादंबरीशी जुळत नाही म्हणून. १९५५मध्ये परग्रहवासी होतेच, प्रश्न होता आधी कोण पोचतं याचा. 'शाश्वतांनी' एकट्या माणसाचं विश्व निवडल्याचं तिथे कुठेच नाही. उलट त्यांच्यामुळे माणूस मागे पडला, आणि त्यांची संस्था नष्ट झाल्यावर त्याला वाट मिळाली.

१९४२चीच 'व्हिक्टरी अनइन्टेन्शनल' घ्या. तीन यंत्रमानव गुरूवर जातात आणि तिथल्या रहिवाशांना भेटतात. ही कथा त्याच्या यंत्रमानव कथांच्या संग्रहात आहे. यंत्रमानव आणि फाउंडेशन ही एकच मालिका मानायची असेल तर हे गुरूवासी गेले कुठे?

जुनीप्रत

अनुक्रमणिका, गुरूवासीयांचा मुद्दा बिनतोड, पण मला त्याचा त्रास होत नाही. असिमोव्हने १९८८मध्ये 'प्रिल्यूड टू फाउंडेशन'च्या प्रस्तावनेत सांगितलंच आहे की ही पुस्तकं एक मालिका म्हणून ठरवून लिहिलेली नाहीत, तेव्हा सगळं तंतोतंत जुळेलच असं नाही. आख्यायिकेचंही तसंच. डोम ती दंतकथा म्हणून सांगतो. वीस हजार वर्षांनी कोणाला नीट आठवणार?

माझा विरोध उल्काधर यांच्या मूळ विधानाला आहे. 'कारण द्यायलाच नको होतं' म्हणजे १९८६ची 'फाउंडेशन अँड अर्थ' पुसून टाकायची. मालिकेतला सर्वात धाडसी विचार तर तिथेच आहे! सायकोहिस्टरीची दोन गृहीतकं आपल्याला माहीत होती: समूह पुरेसा मोठा हवा, आणि त्याला भाकितांची कल्पना नसावी. या कादंबरीचा नायक ट्रेव्हाइझ, त्याला अखेरीस तिसरं सापडतं, जे इतकं उघड होतं की सेल्डनलाही मांडायची गरज वाटली नाही: आकाशगंगेत बुद्धिमान प्रजाती फक्त माणूस. दुसऱ्या दीर्घिकेतून कोणी आलं तर सगळं गणित कोलमडेल.

चाळीसेक वर्षं वाचक ज्याला त्रुटी म्हणत होते, ती लेखकाने कथेतल्या शास्त्राची त्रुटी करून टाकली. आतापर्यंतच्या सगळ्या पात्रांनी जे पाहिलंच नाही ते एका पात्राने पाहिलं. उल्काधर, तुम्ही वर लिहिलंत की सायकोहिस्टरीला दुसरी प्रजाती परवडत नाही. ते ट्रेव्हाइझचंच वाक्य आहे. ज्या पुस्तकाला नावं ठेवताय त्याचाच युक्तिवाद तुम्ही वापरताय.

उल्काधर

जुनीप्रत, तिसरं गृहीतक सुंदर आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याचा वापर कशासाठी झाला याबद्दल. बाहेरून कोणी येईल, म्हणून सगळ्या आकाशगंगेने एकच मन व्हावं, गॅलेक्सिया व्हावं, असा निष्कर्ष निघतो. व्यापाऱ्यांची, महापौरांची, खटपट्या माणसांची मालिका, आणि तिच्या शेवटी स्वतंत्र माणूसच नको? न दिसलेल्या परग्रहवासीयांनी न लढता केलेलं हे नुकसान आहे. शिवाय हे सगळं डॅनील नावाचा यंत्रमानव हजारो वर्षं मागून घडवत होता असंही कळतं. सेल्डनचं काय उरलं मग?

मेघगणित

या एका बाबतीत मी उल्काधर यांच्या बाजूने. कारण द्यायची सवय लागली की थांबत नाही. असिमोव्ह गेल्यावर १९९७मध्ये आलेल्या 'फाउंडेशन्स फिअर'मध्ये तर माणसाच्या आधी पुढे गेलेल्या यंत्रमानवांनी परग्रही जीवन पुसून टाकलं असं सुचवलंय. वंशश्रेष्ठत्व लिहायचं नाही म्हणून ज्याने परग्रहवासी वगळले, त्याच्या विश्वाच्या पायाशी वंशसंहार आणून ठेवला! मला ते वाचताना संताप आला होता, आजही येतो.

जुनीप्रत

ते दुसऱ्या लेखकाचं पुस्तक. त्याचा दोष असिमोव्हच्या माथी नको.

उल्काधर, गॅलेक्सियाचा निर्णय तुम्हाला पटत नाही, ठीक. ट्रेव्हाइझने तो स्वतः घेतलेला, तरी त्यालाही तो आवडत नाही, म्हणून तर तो पूर्ण कादंबरीभर पृथ्वी शोधत फिरतो. आणि मॅजेलनच्या मेघांकडे गेलेल्यांचा विचार करा. दुसऱ्या दीर्घिकांत कोणी असेल का, हा प्रश्न १९८६मध्ये ट्रेव्हाइझला पडतो. 'ब्लाइंड अ‍ॅली' त्याच विश्वात धरली तर उत्तर १९४५मध्येच देऊन झालंय: आहेत, आणि माणसाशी पहिला संबंध त्यांना कसा वाटला तेही आपल्याला माहीत आहे. ते परत आले तर शत्रू म्हणूनच येतील असं मात्र मला वाटत नाही. त्यांना जहाजं मिळवून देणारा माणूसच होता.

अनुक्रमणिका

जुनीप्रत, हा दुवा असिमोव्हने स्वतः कुठे जोडलेला नाही, तो तुमचा आहे. पण कोणत्याही तारखेला धक्का न लावता बसतो, हे मान्य करते. डोमच्या आख्यायिकेपेक्षा नक्कीच चांगला बसतो.