२१ दिवसांत शिस्त? आणि तीही पंधरा वर्षांच्या पोराला?

तिरकस_ताई (धागा)
'किशोरवयीन मुलांना २१ दिवसांत शिस्त' हा धागा कालपासून सारखा वर येतोय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पोराला पहाटे ५ ला उठवा, फोन काढून घ्या, भिंतीवर सवयींचा तक्ता लावा, एक खूण चुकली की पॉकेटमनी कापा. खाली 'अगदी खरं', 'प्रिंट काढून लावते' अशी रांग. तिथे लिहून उपयोग नव्हता, म्हणून हा वेगळा धागा.

आधी हे २१ कुठून आले ते बघू. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळालं, चेहराही गळाला, २१ तेवढे उरले. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस असा आकडा आला. माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवस! आणि मधला एखादा दिवस बुडाला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. मग कापाकापी कशासाठी?

तक्ता आमच्याकडेही होता. एका रविवारी रात्री जवळ जाऊन पाहिला. आठवडाभराच्या सगळ्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच बाजूला कललेल्या, आणि शुक्रवारची शाई बोटाला लागली. सवय लागली होती खरी, खुणा करायची.

माझं म्हणणं एवढंच, की एक गोष्ट निवडायची, तीही मुलानं. रोज आपसूक होणाऱ्या कामाला ती जोडून द्यायची, म्हणजे रात्री दात घासले की लगेच दप्तर भरायचं. फोनचा नियम करायचा तर घरातल्या सगळ्यांसाठी. आपण पलंगावर स्क्रोल करत 'फोन ठेव' म्हणायचं नाही.

शिस्तप्रिय
नाव न घेता माझ्यावर अख्खा धागा काढल्याबद्दल आभार. माझी दोन्ही मुलं याच पद्धतीनं वाढली आणि आज मार्गी लागली आहेत. लंडनच्या ९६ लोकांना मी ओळखत नाही, माझ्या मुलांना ओळखतो. 'लवकर निजे, लवकर उठे' हे आपल्या वाडवडिलांनी उगाच सांगितलं नाही. दहा-दहापर्यंत लोळणं याला आमच्या वेळी आळस म्हणायचे.

रात्रपाळी
काका, त्यातलं 'लवकर निजे' तुम्ही सोयीस्कर विसरलात. वयात येताना शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा तयार होतं, त्यामुळे अकराच्या आत डोळाच लागत नाही. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप हवी. पाचला उठवायचं तर नऊला झोप लागलेली पाहिजे, आणि क्लास सुटतो तेव्हा किती वाजलेले असतात? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं, या मुलांची शाळा ८:३० च्या आधी नको. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदा लागू आहे.

हिशेबी
आता शाळेनंही उशिरा भरायचं! अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराचं मीही वाचलंय. २०१६ मध्ये शाळा जवळपास तासभर पुढे ढकलली, झोप वाढली ३४ मिनिटं. उरलेल्या वेळात पोरं काय करत होती ते सांगायला ज्योतिषी नको.

रात्रपाळी
शाळा असते त्या प्रत्येक रात्री ३४ मिनिटं. आठवड्याला जवळजवळ तीन तास होतात, नावाला जागा हो. शिवाय आपल्याला भीती होती की शाळा उशिरा म्हटल्यावर पोरं तेवढंच उशिरा झोपतील. तसं झालं नाही, हा तर त्यातला मुद्दा आहे.

शिस्तप्रिय
अमेरिकेत काय चालतं ते अमेरिकेला लखलाभ. सैन्यात अठराव्या वर्षी पहाटे उठतातच ना? तेव्हा मेलाटोनिन कुठे जातं?

रात्रपाळी
सैन्यात दिवे कोण बंद करतं, कधी करतं, हेही विचारून या. मी रात्रपाळ्या काढलेल्या आहेत. अर्धवट झोपेत माणूस उभा असतो, काम करतो, आणि साधी बेरीज चुकतो. ते 'शिस्तबद्ध' दिसतं, एवढंच.

पीटी_सर
झोप झोप काय लावलंय? पोरं दमतच नाहीत तर झोपतील कशी! जागतिक आरोग्य संघटना म्हणते रोज सरासरी ६० मिनिटं घाम निघेल असं हलायला हवं, आणि त्यांच्याच पाहणीत जगभरातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हलत नाहीत. मुलींची अवस्था आणखी वाईट. परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा. गणिताच्या बाई दारात येऊन नुसतं 'सर, जरा...' म्हणतात, की गेला माझा तास. वर हेच पालक मला विचारतात, मुलाचा स्टॅमिना का नाही?

तिरकस_ताई
सर, मुद्दा रास्त आहे, पण धागा सवयींचा आहे.

पीटी_सर
खेळणं ही सवय नाही वाटतं?

वय_सोळा
मी इथे फक्त वाचते, पण आज राहवलं नाही. बाबा रात्री दहाला माझा फोन काढून घेतात आणि बारापर्यंत स्वतः रील बघतात. भिंतीपलीकडून तेच गाणं चाळीस वेळा ऐकून मला पाठ झालंय. झोप यायला हवी तर आधी त्यांना तक्ता लावा.

शिस्तप्रिय
घर चालवणाऱ्या बापाशी बरोबरी? मोठ्यांच्या चर्चेत पोरांनी उलट बोलणं, हीच ती घसरण. हिचं खातं बंद करा कोणीतरी.

रात्रपाळी
तिनं उलट नाही, सरळ सांगितलंय. ज्यांच्यावर धागा आहे त्यांच्यातली एकटीच बोलली, तर तिलाच हाकला. छान शिस्त!

एकटी_आई
तुम्हा सगळ्यांच्या घरी संध्याकाळी कोणीतरी मोठं माणूस असतं असं दिसतंय. मी साडेआठला पोचते. 'फोनचा नियम घरातल्या सगळ्यांसाठी' हे मी अंमलात आणणार कधी? माझा फोन कामासाठी रात्रीही चालू लागतो. दाराला चिकटवलेल्या यादीवर आमचं घर चालतं, आणि पोरगा त्यातलं निम्मं तरी करतो. खोट्या खुणा करत असेलही. निदान काय करायचं होतं ते त्याला माहीत असतं. ताई, तुमचा सल्ला दोन पगार आणि चार खोल्यांच्या घराचा आहे.

तिरकस_ताई
खोल्या तीन आहेत, पण असो. यादी असायला माझी हरकत नाही, पैसे कापायला आहे. घरी कोणी नसताना यादीच कामाला येते, हे तुमचं मान्य. शिस्तप्रिय यांचं अजूनही अमान्य.

हिशेबी
म्हणजे तक्ता चालतो, फक्त तो शिस्तप्रिय यांनी सुचवायचा नाही. कळलं.

शिस्तप्रिय
ठीक आहे, तज्ज्ञ मंडळींच्या आग्रहास्तव ५ चे ६ करतो. सुट्टीच्या दिवशी उठा बाराला, मेलाटोनिनचा मान राखून.

रात्रपाळी
बारा नको. सुट्टीला फार वेळ लोळलं की घड्याळ आणखी पुढे सरकतं आणि सोमवारी हाल होतात. नेहमीपेक्षा तासभर उशीर पुरे. इतपत तुमच्याशी सहमत आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

शिस्तप्रिय
काढला.

पीटी_सर
आणि खेळाच्या तासाचं काय ठरलं?