रोज नवा विषय घेऊन इंग्रजी बोलणं सुधारत नाही. तुमचं काय मत?

महालकर_मास्तर (धागाकर्ता)
इंग्रजी बोलता येत नाही म्हटलं की पोरांना एकच सल्ला मिळतो: रोज नवा विषय घ्या अन् आरशासमोर बोला. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. विषय तोच ठेवा, वेळ कमी करत न्या.

नव्या विषयात डोक्याला दोन कामं एकदम लागतात, काय बोलायचं आणि ते इंग्रजीत कसं बसवायचं. मुद्दा शोधण्यातच दम जातो आणि वाक्य अर्ध्यावर लटकतं. दुसऱ्यांदा बोलताना मुद्दे हाताशी असतात, लक्ष वाक्याकडे जातं.

पद्धत जुनीच आहे, १९८० च्या दशकापासून भाषा शिकवणारे ती वापरतात, नाव ४-३-२. विषय पूर्ण माहितीतला घ्यायचा: तर्री-पोहा कसा करतात, फायनल इयरचा प्रोजेक्ट, नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी स्टेशनवर ऑरेंज लाईनवरून ॲक्वा लाईनवर कसं जायचं. चिठ्ठीवर पाच शब्द लिहा, वाक्य नको. वाक्य लिहिलं की पोरगं वाचायलाच लागतं. मग एकाला ४ मिनिटं सांगा, दुसऱ्याला तेच ३ मिनिटांत, तिसऱ्याला २ मिनिटांत. ऐकणारा दर फेरीला बदलायचा. समोर तोच माणूस असला की आपण "हे तर सांगून झालं" म्हणून काहीतरी नवीन जोडायला जातो अन् मुसळ केरात.

प्रगती मोजताना वेग बघू नका, थांबे बघा. वाक्य संपल्यावर सगळेच थांबतात. "देन वी ॲड द..." म्हणून मध्येच थांबलात तर तिथे शब्द कमी पडला. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि फक्त हे मधले थांबे मोजा.

व्याकरण_आधी
मास्तर, यात चुकीलाच तीनदा पॉलिश होते. पहिल्या फेरीत "ही डिडन्ट वेन्ट" म्हणणारा तिसऱ्या फेरीतही तेच म्हणतो, फक्त जास्त बिनधास्त. चुका ठरलेल्या आहेत: "सिन्स टू इयर्स", "डिस्कस अबाउट", "व्हाय यू आर लाफिंग", "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स". त्यात आपलं नागपुरी "करून राहिलो, जाऊन राहिलो" जिभेवर, मग दिसेल त्या क्रियापदाला आयएनजी लागतं. वेळ कमी केला की माणूस सवयीचंच बोलणार.

बर्डीवरचा_बाप्पा
"आय ॲम हॅविंग" पुण्यातले पण म्हणतात भाऊ, सगळं बिल नागपूरवर काऊन फाडता?

महालकर_मास्तर
@व्याकरण_आधी मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय फेऱ्यांच्या मधेच आहे. पहिली फेरी झाली की रेकॉर्डिंगमधलं एक मिनिट जसंच्या तसं लिहून काढायचं, "अं" आणि "आय मीन" सकट. दहा-पंधरा मिनिटं जातात, कंटाळा येतो, पण कान तिथेच उघडतात. लाल पेनाने दोनच चुका निवडायच्या आणि पुढच्या फेरीत तेवढ्याच सांभाळायच्या. सगळ्या चुका एकदम धरल्या तर पोरगं तोंडच उघडणार नाही.

व्याकरण_आधी
त्या दोन निवडणार कोण? "सिन्स टू इयर्स" म्हणणाऱ्याला ते बरोबरच वाटतं, आणि होस्टेलचा जोडीदार त्याच माळेचा मणी. चूक दाखवणारा माणूस नसेल तर तुमचं लाल पेन कोरंच राहील.

ऐका_हो_ऐका
तुम्ही दोघंही उलट्या टोकाने सुरुवात करून राहिले. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तरी बऱ्याच वर्गांत इंग्रजीचा धडा मराठीतूनच समजावतात. पोरगं बारावीपर्यंत इंग्रजी वाचतं, लिहितं, पण ऐकतच नाही. आत गेलंच नाही ते बाहेर कुठून येईल?

रोज एका मिनिटाचा तुकडा घ्या, जास्त नको. आधी सबटायटल बंद ठेवून ऐका, मग चालू करून, मग बोलणाऱ्याच्या अर्धा शब्द मागे राहून सोबत बोला. तुकडा मुलाखतीचा किंवा गप्पांचा असावा. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या स्पष्ट असतात, पण ती वाचून दाखवलेली भाषा आहे, तशी कुणी बोलत नाही. 'हितवाद' हा इंग्रजी पेपर मोठ्याने वाचण्याचंही तेच. जबडा मोकळा होतो, पण स्वतःचं वाक्य जुळवण्याचा सराव होत नाही.

महालकर_मास्तर
@ऐका_हो_ऐका ऐकणं हवंच, पण ते पुरत नाही. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमात शिकली. त्यांना फ्रेंच उत्तम समजत होतं, बोलताना मात्र व्याकरण कच्चं राहिलं. भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरच बोट ठेवलं: नुसतं समजून घेताना वाक्यरचनेकडे लक्ष दिलं नाही तरी भागतं, बोलताना भागत नाही.

ऐका_हो_ऐका
बरोबर, पण ती मुलं आधी वर्षानुवर्षं ऐकत होती हे विसरू नका. आपल्याकडे तोच पाया नाही.

धंतोली_ताई
उच्चारावर कुणीच बोललं नाही. ॲक्सेंट भारतीय असला तर काही बिघडत नाही, जोर चुकला की समोरचा अडखळतो. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या तुकड्यावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. डेव्हलपचा जोर मधल्या "व्हे" वर आहे, आपण तो "डे" वर देतो. भूतकाळाचा ईडी "वॉकेड", "आस्केड" असा वाचू नका. वॉकचं वॉक्ट, प्लेचं प्लेड. वेगळा "इड" फक्त टी किंवा डी नंतर, जसं वॉन्टेड. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात लागत नाहीत.

आणि इंग्रजी शब्द वहीत देवनागरीत लिहून पाठ करू नका. प्रत्येक अक्षराला सारखंच वजन मिळतं आणि "कम्फर्टेबल" अख्खा लांबलचक निघतो. (हे मी देवनागरीतच लिहून राहिले, माफ करा.)

तपासायला मोबाईलचं व्हॉइस टायपिंग बरं. पंखा बंद करून बोला आणि काय टाईप झालं ते बघा. पण ते अंदाजाने वाक्य सुधारूनही घेतं, त्यामुळे पूर्ण वाक्याऐवजी एकेक शब्द तपासा.

प्लेसमेंट_२६
प्लेसमेंटच्या जीडीत (ग्रुप डिस्कशनमध्ये) विषय ऐनवेळी मिळतो. तर्री-पोहा चारदा सांगून तिथे काय उपयोग?

महालकर_मास्तर
@प्लेसमेंट_२६ विषय बदलतो, जोडणारे तुकडे तेच राहतात: "इट डिपेंड्स ऑन", "व्हॉट आय मीन इज", "द मेन प्रॉब्लेम विथ धिस इज". हे न अडखळता आले की विचार करायला तेवढीच उसंत मिळते. आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत बोलण्याच्या चाचणीच्या दुसऱ्या भागात कार्ड बघून एक मिनिट तयारी आणि एक ते दोन मिनिटं बोलणं असतं. तिथे ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार यांना सारखंच वजन आहे.

बर्डीवरचा_बाप्पा
म्हणजे क्लास लावू नका?

महालकर_मास्तर
लावण्याआधी एक भागाकार करा. तासाची बॅच, तीस पोरं, एकेक जण उभं राहून बोलणार: प्रत्येकाला दोन मिनिटं, तीही सर गप्प बसले तर. तीच तीस पोरं समोरासमोर दोन रांगांत बसवली, एका रांगेने ४-३-२ बोलायचं आणि दर फेरीला समोरच्या रांगेने एक जागा सरकायचं, मग अदलाबदल. अठरा मिनिटांत प्रत्येकजण नऊ मिनिटं बोलतो. क्लासवाल्याला विचारा, जोडीने बोलवता का? नाही म्हटलं तर फी तुमच्याजवळच ठेवा.

व्याकरण_आधी
तीस पोरांत पंधरा एकाच वेळी बोलणार, आणि सरांच्या कानावर त्यातलं एकच पडणार. गोंगाट सोडा, चुकीचं काय? माझ्याकडून तडजोड अशी: फेऱ्या दोनच, ४ आणि ३. उरलेल्या दोन मिनिटांत ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे, पूर्ण वाक्यात. "व्हाय यू आर" ची गाडी तिथेच अडकते आणि तिथेच सापडते.

महालकर_मास्तर
प्रश्नांचं पटलं. तिसरी फेरी मात्र काढणार नाही, बोलण्यात ओघ तिथेच येतो.

व्याकरण_आधी
ओघ येतो, चुकांसकट. मी दोनवरच राहतो.