निम्मा पगार कुणी द्यायचा?

कोल्हापूर महापालिकेच्या मराठी शाळांतली मुलं का कमी झाली, या चर्चेत मास्तर शिकवत नाहीत म्हणून मुलं इंग्रजी माध्यमात गेली, असं कारण पुढं आलंय; ते मला निम्मंच पटतं. सरसकट तसं असतं तर जरगनगरच्या लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिरात प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालकांची झुंबड उडाली नसती. तीही महापालिकेचीच शाळा आहे, आणि मराठी माध्यमाची!

पैशाचा मुद्दा मात्र चर्चेत कुणी काढलाच नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं. महापालिकेच्या शिक्षकांच्या पगारासाठी अनुदान ५० टक्के, बाकीचं महापालिकेनं घालायचं. म्हणजे जरगनगर ओलांडून जिल्हा परिषदेच्या हद्दीतल्या पाचगावात गेलं की हिशेबच बदलतो. आता महापालिकेची कमाई बघा. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, जीएसटीची भरपाई मुंबईहून येते. १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून, जिच्यामुळं कराची कमाई वाढेल त्या शहराच्या हद्दवाढीच्या नुसत्या बैठकाच चालल्यात. पगार-पेन्शन भागवून उरलं तर कौलं, संडास, बाकडी. त्यामुळं रंगरंगोटीला वर्गणी माजी विद्यार्थ्यांकडूनच मागावी लागते. शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाचा दाखला देणाऱ्या आमदारांना अनुदान ५० चं १०० टक्के कधी करणार, एवढं विचारा की जरा.